जानेवारीत आठवडाभर पक्षी बघायला परदेशी: श्रीलंका, थायलंड की आणखी कुठे?

जाईजुई
नमस्कार. जानेवारीच्या शेवटी, २६ तारखेची सुट्टी धरून, आम्ही तिघं फक्त पक्षी बघायला भारताबाहेर जायचं म्हणतोय. जाण्यायेण्याचे दिवस धरून जेमतेम आठवडा मिळेल. तिघं म्हणजे मी, नवरा आणि माझे सासरे.

बाबांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ठिकाण त्यांच्याकडे बघूनच ठरवायचं आहे. वय ७४. उरणला शाळेत शिक्षक होते. आयुष्यभर खाडीवरचे पक्षी बघितले. पाणजे, भेंडखळ, शेव्याकडची मिठागरं हे सगळं त्यांनी सायकलवर पालथं घातलंय. चिखलात शंभर स्टिंट (चिमणीएवढे किनाऱ्यावरचे पक्षी) चरत असले तरी त्यातला टेमिंक्स स्टिंट पायांच्या रंगावरून लगेच वेगळा काढतात. गेल्या काही वर्षांत त्या पाणथळी एकेक करून भरावाखाली गेल्या आणि त्यांचं बाहेर पडणंच कमी झालं. त्यात गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात, चढ-उतार आणि पायऱ्या मात्र जमत नाहीत.

नवऱ्याला फोटो काढायचे असतात. मला कुठलाही पक्षी निवांत बघायला मिळाला की पुरे. शॉपिंग, बीच, मंदिरं यातलं काही नको. माणशी लाखाच्या आत बसावं. श्रीलंका, थायलंड, भूतान आणि ओमान ही नावं कानावर आली आहेत. स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

हळद्या
श्रीलंका. दुसरा विचारच करू नका.

मुंबईहून कोलंबो अडीच तास. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. जानेवारी ते मार्च हा नैर्ऋत्य श्रीलंकेतला कोरडा काळ, आणि तिथले प्रदेशनिष्ठ पक्षी मुख्यतः त्याच भागात आहेत. जगात इतरत्र कुठेही नसलेल्या तीसहून जास्त जाती एवढ्याशा बेटावर! कितुलगला, नुवारा एलिया आणि सिंहराजा अशी तीन ठिकाणं घेतलीत तर त्यातल्या बहुतेक आठवड्यात दिसू शकतात.

सिंहराजाच्या मिश्र थव्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जंगल आधी अगदी रिकामं वाटतं. मग ऑरेंज-बिल्ड बॅबलरची कुजबुज सुरू होते. हे तिथले सातभाई, थव्याचा गाभाच ते. त्यांच्याबरोबर तुऱ्याचा कोतवाल असतो आणि मागून एकेक करत कर्णा, सुतार, रेड-फेस्ड मालकोहा, निळा मॅगपाय असे येत राहतात. एका थव्यात चाळीसेक पक्षी सहज असतात. कोणाकडे बघावं कळत नाही. पंधरा मिनिटांत सगळे पुढे सरकतात आणि जंगल पुन्हा रिकामं होतं.

याच जंगलांमध्ये सेरेंदिब स्कॉप्स आऊल सापडलं. १९९५ मध्ये दीपाल वारकगोडा यांनी एक अनोळखी आवाज ऐकला, २००१ मध्ये तो पक्षी दिसला आणि २००४ मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. श्रीलंकेत शंभराहून अधिक वर्षांनी सापडलेला हा नवा पक्षी.

नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कात संध्याकाळी नुसतं बाकावर बसायचं. बाबांना तेही जमेल. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग थंडीत तिथे असतो. पाइड थ्रश असतो. काश्मिरात घरटं करणारा काश्मीर फ्लायकॅचरही हिवाळ्याला तिथेच येतो.

केळफूल
+१ श्रीलंका. जानेवारीत पाऊस कमी असला तरी सिंहराजात जळवा असतातच, लीच सॉक्स घ्या. आणि आत गाडीने फिरता येत नाही. कुडावाच्या बाजूने जीप प्रवेशाच्या नाक्यापर्यंत नेते, पुढे चालायचं. रस्ता रुंद आहे, पण दगडाधोंड्यांचा. थवा दिसला की वाटाड्या पळत सुटतो आणि त्याच्यामागे आपणही. गुडघ्यांचा विचार करूनच ठरवा.

मस्कतकर
ओमानचं नाव आलं म्हणून लिहितो, बरीच वर्षं इथे राहतोय. हिवाळ्यात हवा फार सुखाची असते आणि मुंबईहून येणं सोपं. पण प्रामाणिकपणे सांगतो, मस्कतच्या आसपास हिवाळ्यात जे दिसतं त्यातलं पुष्कळसं तुम्ही कच्छ-जामनगरला बघू शकता.

इथली खरी मजा दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे शिकारी पक्षी. मस्कतजवळच्या कचराडेपोवर पांढरी गिधाडं शेकड्यांनी जमतात. सलालाहला स्टेपी ईगल असेच मोठ्या संख्येने, सोबत इम्पीरियल आणि ग्रेटर स्पॉटेड. दुसरं म्हणजे सलालाहच्या डोंगरांतले आफ्रिका-अरबस्तानकडचे पक्षी: ट्रिस्ट्रॅम्स स्टारलिंग, अरेबियन पार्ट्रिज, रुपेल्स वीव्हर, नशिबात असेल तर जबल समहानच्या कड्यांवर व्हेरॉज ईगल. समुद्राकाठच्या खोरांत, म्हणजे खाजणांत, गाडीतून बसल्या बसल्या बघता येतं. पण सलालाह मस्कतपासून हजारेक किलोमीटर, म्हणजे आणखी एक विमान आलंच. ज्याला गरुडांचं वेड आहे त्याने यावं. तुमच्या बाबांचा जीव खाडीत आहे, त्यांना मी आधी दुसरं ठिकाण सुचवीन.

रानवाटा
परदेशच कशाला? अंदमानात प्रदेशनिष्ठ पक्षी भरपूर आहेत. आसामात नामेरी, काझीरंगा आहे. त्याच पैशात दुप्पट दिवस मिळतील.

जाईजुई
@रानवाटा, मुद्दा बरोबर आहे. काझीरंगा झालं आहे, अंदमान यादीत आहे. या वेळी बाबांनी स्वतःहून "एकदा दुसऱ्या देशातले बघायचे" असं म्हटलं आणि इतक्या दिवसांनी ते काही मागतायत, म्हणून हा खटाटोप.

@मस्कतकर, इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

डोंगरकडा
भूतानबद्दल. जानेवारीत जायचं तर काळ्या मानेच्या क्रौंचांसाठीच. फोबजिखाच्या खोऱ्यात ते ऑक्टोबरअखेर उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. तीन हजार मीटरच्या आसपासची उंची, सकाळी सगळीकडे दहिवर गोठलेलं. पुनाखाच्या नदीवर आयबिसबिल आणि फार नशीब असेल तर व्हाइट-बेलीड हेरॉन. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण दर रात्रीचे माणशी १२०० रुपये शुल्क आहे.

मात्र भूतानची खरी श्रीमंती आहे जंगलात: सातभाईंचे भाऊबंद, फेझंट्स, धनेश. त्यासाठी एप्रिल हवा. घाटातले रस्ते तासन्‌तास संपत नाहीत. आठवड्यातला निम्मा वेळ गाडीतच जाईल. तेव्हा यंदा नको.

खाडीकाठ
हा धागा उशिरा दिसला. नोकरीनिमित्त बँकॉकला असतो आणि थंडीतले बहुतेक शनिवार-रविवार समुद्राकाठच्या मिठागरांवर जातात. बाबांचं वर्णन वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

बँकॉकच्या नैर्ऋत्येला फेचबुरी प्रांत आहे. विमानतळावरून गाडीने दोन-अडीच तास, शहरातल्या वाहतुकीवर अवलंबून. तिथे समुद्राला लागून मैलोन्‌मैल मिठागरं आहेत, अजून चालू असलेली. उरणच्या माणसाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही: तेच बांध, तेच कोंडे (मिठाचे वाफे), पाणी एका कोंड्यातून दुसऱ्यात घेत घेत घट्ट करायची तीच रीत, मिठाचे तसेच ढीग. कुठे बोटभर पाणी, कुठे ढोपरभर, त्यामुळे आखूड पायांचे स्टिंट एका कोंड्यात आणि लांब पायांचे गॉडविट पलीकडच्यात. भरती आली की समोरच्या चिखलावरचे सगळे पक्षी उठून या कोंड्यांत येतात. तुम्ही बांधावर, गाडीच्या दारात, खुर्ची टाकून बसायचं. चढ नाही की पायरी नाही.

त्यातलं पाक थाले हे गाव स्पून-बिल्ड सँडपायपरसाठी जगभर माहीत आहे. चमच्यासारख्या चोचीची ही तुतारी रशियाच्या पार ईशान्य टोकाला, चुकोटका-कामचाटकात, घरटं करते. जगात काहीशेच उरल्या आहेत. वाटेवरच्या पीत समुद्राच्या चिखलपट्ट्या भराव घालून बुजवल्या गेल्या, हिवाळ्याच्या मुक्कामी जाळी लावून शिकार झाली, म्हणून ही पाळी आली. पाक थालेला दर हिवाळ्यात मोजक्याच येतात, साधारण ऑक्टोबरअखेर ते मार्च.

ती शोधायची कशी, हे बाबांना नक्की वाचून दाखवा. आकार स्टिंटएवढाच आणि थंडीतला रंगही तसाच राखाडी-पांढरा. बाजूने बघितलं तर चोचीचा चमचा दिसतच नाही. तो दिसतो पक्षी समोरून आला तर. म्हणून चोच शोधायचीच नाही, चरण्याची ढब बघायची. रेड-नेक्ड स्टिंट इकडे एक टोच, तिकडे एक टोच अशी धावपळ करतो. ही मात्र पाण्यात मान खाली घालून चोच डावी-उजवीकडे फिरवत हळूहळू पुढे सरकते, आणि बराच वेळ मान वर करत नाही. कपाळ आणि चेहरा जरा जास्त पांढरा. झोपली की चोच पाठीच्या पिसांत जाते, मग तिथेच बसून राहण्याला इलाज नाही. नऊ-साडेनऊनंतर कोंड्यांवरून उन्हाची लहर उठते आणि स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, सगळं थरथरायला लागतं. उजाडताच पोचायचं.

पायांच्या रंगावरून टेमिंक्स ओळखणाऱ्या माणसाला देता येईल अशी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि हे एकाच पक्ष्यासाठी नाही. उरण-शिवडीला येणारे पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. इथे पूर्व आशिया–ऑस्ट्रेलेशियाचा मार्ग आहे. ओळखीचे कर्लू सँडपायपर, मार्श सँडपायपर असतातच, पण त्यांच्या शेजारी नॉर्डमन्स ग्रीनशँक, एशियन डाउविचर, ग्रेट नॉटचे थवे. बाबांना अर्धे ओळखीचे आणि अर्धे नवे असे पक्षी एकाच कोंड्यात बघायला मिळतील.

फोटोसाठी तिथून दीडेक तासावर केंग क्राचान. थायलंडमधलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, २०२१ पासून जागतिक वारसा. उद्यानाच्या बाहेर गावकऱ्यांनी आपापल्या जागेत पाणवठ्यांजवळ हाइड, म्हणजे लपून बसायचे आडोसे, केल्या आहेत. खुर्चीवर बसायचं, दुपारपासून पक्षी पाण्याला येतात: बार-बॅक्ड पार्ट्रिज, सायबेरियन ब्लू रॉबिन, चायनीज ब्लू फ्लायकॅचर, मोठ्या लाफिंगथ्रशचे कळप, शिवाय पिसोरी हरणं.

समुद्राकाठी तीन-चार रात्री, केंग क्राचानला दोन. बाकी कुठेही जाऊ नका.

हळद्या
@खाडीकाठ, फार सुंदर लिहिलंत. पण एक शंका. इतक्या लांब जाऊन तीच दिसली नाही तर? मोजक्याच येतात असं तुम्हीच म्हणता. श्रीलंकेत प्रदेशनिष्ठ पक्षी हमखास दिसतात, कारण ते तिथून कुठे जाणारच नाहीत. शिवाय सह्याद्री आणि श्रीलंकेचं नातं आहे. समुद्राची पातळी खाली असताना दोन्ही जमिनी पुन्हा पुन्हा जोडल्या गेल्या, म्हणून कर्णा, बेडूकमुख्या असे दोन्हीकडे आहेत. त्यांचेच वेगळे झालेले नातेवाईक बघणं हा मोठाच आनंद आहे.

खाडीकाठ
शंका रास्त आहे. न दिसण्याची शक्यता खरीच आहे. म्हणून तर एका सकाळीवर न ठेवता तीन-चार रात्री म्हणतोय. बहुतेक लोक बँकॉकहून पहाटे येऊन दुपारी परततात आणि मग हळहळतात. शिवाय मिठागराची माणसं आणि इतर पक्षीवाले तिथे असतातच, आज कुठल्या कोंड्यात होती ते सांगतात.

श्रीलंकेला मी नाही म्हणत नाही. जंगलात चालू शकणाऱ्यासाठी ती उत्तमच. पण मिश्र थवा माणसाला आपल्यामागे पळवतो. मिठागरावर पक्षी भरतीबरोबर आपल्याकडे येतात. ७४ वर्षांच्या माणसासाठी हा फरक मला दिसणाऱ्या जातींच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

सई_प
हाइडबद्दल मला बोलायचं आहे. अळ्या टाकून, खाणं ठेवून पक्षी बोलावायचे आणि दहा कॅमेऱ्यांनी फोटो काढायचे, हे मला पटत नाही. पक्ष्यांना सवय लागते. परदेशात जाऊनही आपण तेच करायचं का?

कॅमेरा_आणि_कोकण
@सई_प, तुमची कळकळ पटते. पण सगळ्या हाइड सारख्या नसतात. गणेशगुडीला पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवली आहेत, माणसं कठड्यामागे गप्प बसतात आणि पक्षी येऊन आंघोळ करून जातात. तिथे पक्ष्याला त्रास होतो असं मला वाटत नाही. उलट पंधरा माणसं रानात घुसून, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढतात ते कितीतरी वाईट. केंग क्राचानच्या हाइडवाल्यांपैकी काही पूर्वी शेती करायचे, आता जागेवरची झाडं राखतात कारण त्यावर घर चालतं. पाण्यावर चालणारी हाइड निवडा आणि खाणं टाकू नका असं आधीच सांगा.

सई_प
पाण्यापुरतं मान्य. अळ्यांना माझा विरोध कायम.

प्रवासी_पुणे
थायलंडला जाताच आहात तर चियांग माईचं विमान पकडून दोई इंथानोन करा की. देशातलं सगळ्यात उंच शिखर, २५६५ मीटर, वरपर्यंत डांबरी रस्ता. माथ्यावर ग्रीन-टेल्ड सनबर्डची जी उपजात दिसते ती फक्त तिथेच आहे. दोई लांगला मिसेस ह्यूम्स फेझंट!

खाडीकाठ
सगळं खरं आहे, आणि उत्तर थायलंड मला स्वतःला फार आवडतं. पण आठवड्यात दोन्ही केलंत तर दोन दिवस विमानतळ, सामान आणि हॉटेल बदलण्यात जातील, आणि प्रत्येक जागेची एकच सकाळ हाती लागेल. पक्ष्यांच्या बाबतीत दुसरी सकाळ पहिलीपेक्षा नेहमी जास्त देते, कारण कुठे उभं राहायचं हे तेव्हा कळलेलं असतं. दोई इंथानोन वेगळ्या खेपेला ठेवा.

जाईजुई
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर धाग्याची प्रिंट बाबांच्या हातात दिली. त्यांनी @खाडीकाठ यांचा प्रतिसाद पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचला. मग कपाटातून जुन्या वह्या काढल्या आणि रेड-नेक्ड आणि लिटल स्टिंटमधला फरक या विषयावर आम्हा दोघांचा तास घेतला. तेव्हा ठरलं: फेचबुरी. समुद्राकाठी चार रात्री, केंग क्राचानला दोन. श्रीलंका पुढच्या वर्षी आम्ही दोघं करू. @हळद्या, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

आता काही प्रश्न. तिथल्याच लेम पाक बियाच्या वाळूच्या दांड्यावर होडीने जातात असं वाचलं, बाबांना जमेल का? आमच्याकडे स्पॉटिंग स्कोप नाही, दुर्बिणीवर भागेल? आणि बाबा पूर्ण शाकाहारी आहेत.

खाडीकाठ
वा! फार आनंद झाला.

होडी: त्या दांड्यावर मलेशियन प्लोव्हर, व्हाइट-फेस्ड प्लोव्हर आणि चायनीज इग्रेटसाठी जातात. होडी खारफुटीतून जाते, ते छान आहे. पण उतरताना काठावरून पाय टाकून पाण्यात उतरावं लागतं आणि खाली चिखल असतो. बाबांनी होडीतच बसावं किंवा त्या सकाळी जवळच्या राजप्रकल्पाच्या तळ्यांवर राहावं. तिथे बांधांवरून गाडी जाते, पक्षी अगदी जवळून दिसतात.

स्कोप: हवाच. दुर्बिणीतून स्टिंट दिसतील, चमचा नाही. इथला एखादा पक्षी-गाइड एका सकाळीपुरता घ्या, त्याच्याकडे असतो. मग पुढचे दिवस जागा कळलेल्या असतात.

संध्याकाळी नोंग प्ला लायच्या भातशेतांकडे जा. पाइड हॅरियर आणि इतर हॅरियर रात्रीच्या मुक्कामाला येतात, रस्त्यावरूनच दिसतात.

जेवण: खेड्यात पूर्ण शाकाहारी कठीण, जवळजवळ सगळ्यात माशांचा रस्सा पडतो. "जे" असं विचारायचं, म्हणजे मांस-मासळी काही नको हे कळतं. फळं, भात, चिकट भात मुबलक. तरी थेपले, मेतकूट आणि छोटी इलेक्ट्रिक किटली बरोबर असू द्या.

कागदपत्रं: व्हिसा-सवलतीचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळ बघा. आगमनाची ऑनलाइन नोंद पोचण्याआधीच्या तीन दिवसांत करायची असते, ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

केळफूल
बाबांसाठी घडीची हलकी खुर्ची आणि मोठ्या काठाची टोपी. मिठागरात सावलीचं एक झाड नसतं, हे ते स्वतःच सांगतील म्हणा.

खाडीकाठ
हो, खुर्ची इथे माझ्याकडे आहे, आणू नका. तारखा नक्की झाल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक बघून कुठल्या सकाळी पाक थालेला आणि कुठल्या दुपारी लेम पाक बियाला जायचं ते लिहून पाठवतो. मिठागरवाल्यांचं काम चालू असलं तर त्या बांधावर गाडी घालू नका, मीठ ओढायचा तोच हंगाम असतो.

जाईजुई
तारखा या आठवड्यात कळवते. बाबांनी विचारलंय, तिथे मीठ कधी ओढतात, पहाटे की दुपारी?